ते बेरेन्स दोन होते

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रशियन यादवीनंतर परागंदा झालेल्या नौदल अधिकाऱ्यांवरचा लेख वाचला. या विषयावर मराठीत कोणी पानभर लिहावे हीच मुळात दुर्मीळ गोष्ट, त्यामुळे लेखाचा आनंद झाला. पण त्यातल्या एका गल्लतीमुळे सगळी कथाच फिरते, म्हणून हे पत्र.

लेखातला 'कॅप्टन बेरेन्स' १९०४ मध्ये कोरियातल्या चेमुल्पोच्या बंदरात 'वर्याग' या रशियन जहाजावर जपान्यांशी लढतो, १९२० मध्ये बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या श्वेत पक्षाचे आरमार घेऊन आफ्रिकेला जातो आणि १९२४ मध्ये तेच आरमार मॉस्कोच्या वतीने ताब्यात घ्यायला येतो. एका माणसाच्या आयुष्यात हे बसत नाही. ते दोन सख्खे भाऊ होते. थोरला येवगेनी, जन्म १८७६. धाकटा मिखाईल, जन्म १८७९. दोघेही सेंट पीटर्सबर्गच्या नौदल प्रशालेत शिकले. वडिलांचे नाव अर्थातच एक, म्हणून दोघेही अन्द्रेयेविच. आडनाव, पितृनाम आणि शाळा तिन्ही सारखी असल्यावर घोळ व्हायला वेळ लागत नाही. झारच्या नौदलात तर अशा सारख्या आडनावांपुढे 'पहिला', 'दुसरा' असे आकडे लावण्याची रीतच होती. कागदपत्रे वाचताना तो आकडा नजरेतून सुटला, की दोन माणसांचा एक माणूस होतो.

'वर्याग'वरचा बेरेन्स थोरला, म्हणजे येवगेनी. तो त्या जहाजाचा मार्गदर्शक अधिकारी होता. जहाज किती खोल पाण्यात आहे, वळायला जागा किती, ओहोटी कधी लागणार, हे कप्तानाला सांगणे त्याचे काम. चेमुल्पोच्या अरुंद वाटेत या कामाला तोफेइतकीच किंमत होती. पुढे तो परदेशात नौदल प्रतिनिधी राहिला, क्रांतीनंतर बोल्शेविकांकडे गेला आणि १९१९-२० मध्ये सोव्हिएत नौदलाचा प्रमुख झाला.

मिखाईलची वाट वेगळी. जपान्यांनी पोर्ट आर्थर या रशियन नाविक किल्ल्याला घातलेल्या वेढ्यात तो होता. किल्ला पडला तेव्हा 'स्तात्नी' या विनाशिकेवरून नाकेबंदी फोडून तो चीनच्या किनाऱ्याला पोहोचला आणि जपान्यांची कैद टळली. या विनाशिकेवर पायदळाच्या पलटणींची निशाणे होती. पडलेल्या किल्ल्यातून शत्रूच्या हाती काय लागू द्यायचे नाही, हे त्या रात्री ज्या क्रमाने ठरवले गेले, त्यात निशाणे वरच्या क्रमांकावर होती. हे लक्षात ठेवावे, कारण वीस वर्षांनी निशाणाचाच प्रश्न पुन्हा त्याच्यासमोर येणार होता.

पहिल्या महायुद्धात तो 'नोविक'चा कप्तान होता. १९१३ मध्ये सेवेत आलेली ही विनाशिका लोकवर्गणीतून बांधलेली होती. चाचणीत तिने ताशी ३७ सागरी मैलांच्या वर वेग गाठला, तेव्हा जगात तिच्याइतके वेगवान दुसरे जहाज नव्हते. तिचे बॉयलर केवळ तेलावर चालत. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कोळशाच्या जहाजात वेग वाढवायचा तर खलाशांनी फावडी मारून भट्ट्या पेटत्या ठेवायच्या, आणि अर्ध्या तासात त्यांचे हात भरून येतात. तेलाच्या जहाजात तोट्या उघडायच्या. शिवाय धूर आटोक्यात राहतो, त्यामुळे आपल्याच धुराने आपल्याच तोफांची नेम धरण्याची दृष्टी झाकोळत नाही. १७ ऑगस्ट १९१५ रोजी रीगाच्या आखातात 'नोविक'ने व्ही-९९ आणि व्ही-१०० या दोन जर्मन विनाशिकांना एकटीने गाठले. नोविककडे चार १०२ मिलिमीटर तोफा होत्या आणि त्यांचा मारा एका ठिकाणाहून, एका हुकमाने होत होता. मार खाल्लेली व्ही-९९ पाणसुरुंगांच्या पट्ट्यात शिरली आणि गेली.

लेखात हीच लढाई ४ ऑगस्टची दिली आहे. ती चूक म्हणता येणार नाही, पण पंचांग सांगायला हवे होते. रशियात १९१८ पर्यंत जुने, म्हणजे ज्युलियन पंचांग चालू होते. विसाव्या शतकात ते आपल्या रोजच्या कॅलेंडरच्या तेरा दिवस मागे पडते, एकोणिसाव्या शतकातल्या तारखांना बारा दिवस धरायचे. श्वेत पक्षाच्या लोकांनी तर क्रांतीनंतरही जुन्याच तारखा चालवल्या. त्यामुळे १९२० मध्ये श्वेत पक्षाने काळ्या समुद्रातला क्रिमिया सोडल्याची तारीख एका पुस्तकात ऑक्टोबरअखेरची आणि दुसऱ्यात १३ ते १६ नोव्हेंबरची मिळते. घटना एकच. लिहिणाऱ्याने एक पंचांग धरावे आणि पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकावे. या पत्रातल्या तारखा नव्या पंचांगाच्या आहेत.

जहाजांच्या नावांचेही तसेच. लेखात 'इम्पेरातोर अलेक्सान्द्र तिसरा', 'वोल्या' आणि 'जनरल अलेक्सेयेव' या तीन युद्धनौका मोजल्या आहेत. ते एकच जहाज. सत्ता बदलली तसे नाव बदलले. 'ओचाकोव', 'कागूल' आणि 'जनरल कोर्निलोव' ही क्रूझरही एकच. १९०५ चे झारविरुद्धचे नाविकांचे बंड याच 'ओचाकोव'वर झाले, आणि १९२० मध्ये श्वेत सेनेचा सरसेनापती व्रांगेल याच जहाजावरून सेवास्तोपोल सोडून गेला. पोलादाचा सांगाडा पंधरा वर्षांत काय काय पाहतो, हे तिन्ही नावे एकाखाली एक लिहिली तरच दिसते.

आता क्रिमियाकडे. मिखाईल तिथे सरळ पोहोचलेला नव्हता. जानेवारी १९२० च्या अखेरीस त्याने व्लादिवोस्तोकहून शेवटची जहाजे बाहेर काढली होती. पुढे पृथ्वीला अर्धा वळसा घालून तो काळ्या समुद्रावर आला आणि केर्चच्या किल्ल्याचा प्रमुख झाला. नोव्हेंबरात सेवास्तोपोल, येवपातोरिया, याल्टा, फेओदोसिया आणि केर्च या पाच बंदरांतून १२६ जहाजे निघाली. त्यांवर सुमारे १,४६,००० माणसे होती.

या आकड्यावर लेखक एका वाक्यात पुढे गेले आहेत, पण खरे नौकानयन इथेच आहे. चालू स्थितीतली जहाजे थोडी होती. बाकीच्यांची यंत्रे दुरुस्तीसाठी उघडलेली होती, किंवा बॉयलरच्या नळ्या गेलेल्या. अशी जहाजे ओढून न्यावी लागतात. ओढीचा दोर ताणून सरळ ठेवला की तो तुटणारच. पुढचे जहाज लाटेच्या माथ्यावर आणि मागचे खळग्यात असले, की दोघांमधले अंतर झटक्याने वाढते आणि तो सगळा झटका दोरावर येतो. म्हणून दोर लांब सोडतात, मध्ये नांगराच्या साखळीचा तुकडा जोडतात. साखळीच्या वजनाने दोराला झोळ पडतो आणि झटका तो झोळ खातो. पण त्यासाठी लांब दोर हवा, साखळी हवी, ती बांधायला उसंत हवी आणि डेकवर हालचालीला जागा हवी. यातले काहीच नव्हते. डेकवर पाय ठेवायला जागा नाही, इतकी माणसे. केर्चच्या बाजूने निघालेली 'झिवोय' ही विनाशिका अशीच ओढीवर होती. वादळात दोर तुटला आणि अडीचशेच्या आसपास माणसांसह ती नाहीशी झाली. एवढ्या मोठ्या प्रवासात हे एकच जहाज गेले, म्हणून तिचे नाव प्रत्येक लेखात यायला हवे.

इस्तंबूलला पायदळ उतरले आणि गॅलिपोली व लेम्नोसच्या छावण्यांत गेले. लेखक लिहितात की आरमार इथेच विसर्जित झाले. नाही झाले. फ्रान्सने त्याला संरक्षण दिले आणि ट्युनिसियातला बिझर्तचा नाविक तळ नेमून दिला. डिसेंबर १९२० ते फेब्रुवारी १९२१ या काळात ३३ जहाजे आणि बायकामुलांसह सुमारे ६,००० माणसे हजार सागरी मैलांहून अधिक अंतर कापून तिथे पोहोचली. भर हिवाळ्यात, भूमध्य समुद्रातून. सुरुवातीला प्रमुख व्हाइस ॲडमिरल केद्रोव होता. तो पॅरिसला गेला आणि जानेवारी १९२१ पासून रिअर ॲडमिरल मिखाईल बेरेन्सने सूत्रे घेतली. शेवटच्या दिवसापर्यंत ती त्याच्याकडेच राहिली.

पॅरिसमध्ये टॅक्सी चालवणारा रशियन सरदार हे चित्र वाचकांच्या मनात पक्के बसले आहे आणि लेखही तिथेच जाऊन थांबतो. नौदल अधिकाऱ्याचे निर्वासन वेगळ्या रीतीने आले. पायदळाचा अधिकारी बोटीवर चढला त्या दिवशी त्याचा देश सुटला. नौदलाचा अधिकारी मात्र देशाचा तुकडाच बरोबर घेऊन निघाला. जहाजावर रशियन कायदा, रशियन घड्याळ, रशियन प्रार्थना, सकाळी चढणारे आणि सूर्यास्ताला उतरणारे सेंट अँड्र्यूचे निशाण, पांढऱ्यावर निळी तिरपी फुली. तो तुकडा त्याच्या हातून चार वर्षांत हप्त्याहप्त्याने गेला. आमच्या मते या माणसांचे आयुष्य समजून घ्यायचे, तर हे हप्तेच मोजायला हवेत.

पहिला हप्ता इंधनाचा. कोळसा आणि तेल फ्रेंचांकडून मोजून मिळायचे, म्हणजे जहाजे थंड पडणार. थंड जहाजात वाफ नाही. वाफ नाही म्हणजे डायनॅमो नाही, पंप नाही, ऊब नाही. तळाशी झिरपून साठलेले पाणी हातपंपाने उपसायचे. सर्वांत मोठी काळजी बॉयलरची. बंद बॉयलर राखायच्या रीती दोनच. एक, तो गोड्या पाण्याने काठोकाठ भरायचा, पाण्यात सोडा घालायचा आणि आत हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही. दुसरी, तो पुरता रिकामा करायचा, आत शेगड्या ठेवून कोरडा ठणठणीत करायचा, कळीच्या चुन्याच्या परातींनी आतली ओल शोषून घ्यायची आणि झाकणे गच्च बंद करायची. चुना फुलून भुकटी झाला की तो बदलायचा, नाहीतर तो असून नसल्यासारखा. अर्धवट पाणी ठेवले, तर पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या रेषेवर नळ्यांना खड्डे पडतात. बाहेरून काही दिसत नाही. पुन्हा वाफ धरली की नळ्या फुटतात.

यंत्राचा दांडा दर आठवड्याला हाताने थोडा फिरवून वेगळ्या जागी ठेवावा लागतो, नाहीतर त्याचे वजन बेअरिंगच्या एकाच जागी बसून राहते. पाणबुड्यांची गत आणखी नाजूक. 'बुरेवेस्तनिक', 'त्युलेन', 'ऊत्का' आणि 'ए.जी.-२२' अशा चार तिथे होत्या. बॅटऱ्या वेळोवेळी भरल्या नाहीत, तर शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि तो पुन्हा निघत नाही. आणि त्यांच्यात समुद्राचे पाणी शिरले तर क्लोरीन वायू सुटतो. भरायला वीज हवी आणि वीज म्हणजे पुन्हा इंधन. शिवाय उबदार पाण्यात जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले झपाट्याने धरतात. गोदीत घेऊन ते खरवडून रंग दिला नाही, तर पुढच्या वेळी तेवढ्याच तेलात जहाज ताशी काही सागरी मैल कमी वेगाने जाते, आणि पत्र्याचे काय झाले ते गोदीत चढवल्याशिवाय कळतच नाही.

दुसरा हप्ता माणसांचा. 'जनरल अलेक्सेयेव' २३,००० टनांच्या आसपासची युद्धनौका. तिला हजाराहून अधिक खलाशी लागतात. फ्रेंचांनी खर्च कमी करण्यासाठी माणसे कमी करायला लावली आणि काही वर्षांत सहा हजारांचे काही शे उरले. बाकीचे ट्युनिसियाच्या रस्त्यांवर, शेतांवर, जमीनमोजणीच्या कामावर गेले. मोजणीत हे अधिकारी चटकन रुळले, याचे कारण साधे आहे. कोन मोजणे, त्रिकोण सोडवणे, नकाशावर स्थान टिपणे हे त्यांनी नौदल प्रशालेत गिरवलेलेच होते. समुद्रावर सेक्स्टंट होता, आता हातात थिओडोलाइट आला.

जहाजेही गळत गेली. फिरता कारखाना असलेले 'क्रोनश्तात' फ्रेंच नौदलात 'व्हल्कें' झाले. बर्फफोडे 'इल्या मुरोमेत्स' 'पोल्युक्स' झाले. 'क्रोनश्तात' जाणे हा मोठा घाव होता. ज्या जहाजावर लेथ, ओतशाळा आणि दुरुस्तीची हत्यारे होती तेच गेल्यावर बाकीच्यांची दुरुस्ती कशाने करायची?

तरीही शाळा चालू होती. नौदल प्रशाला सेवास्तोपोलहून आली आणि जेबेल केबीरच्या जुन्या फ्रेंच किल्ल्यात भरली. प्रमुख होता व्हाइस ॲडमिरल गेरासिमोव. किल्ल्यात वर्ग, जवळच्या स्फायातच्या बराकींत शिक्षकांची कुटुंबे. १९२५ पर्यंत ती चालली. ज्या देशाला आता आरमारच नाही त्याच्या आरमारासाठी मुले खगोल, नौकानयन आणि तोफशास्त्र शिकली. त्याच काळात 'ऊत्का' पाणबुडीचा कप्तान नेस्तोर मोनास्तिरेव 'मोर्स्कोई स्बोर्निक' हे नौदल मासिक काढत होता. दगडी छापावर, हाताने. जुनी 'गेओर्गी पोबेदोनोसेत्स' ही युद्धनौका कुटुंबांची चाळ झाली होती आणि तिच्यावर लहान मुले वाढत होती.

तिसरा हप्ता कागदाचा, आणि लेखात तो मुळीच नाही. १५ डिसेंबर १९२१ च्या सोव्हिएत फर्मानाने श्वेत सेनांत स्वखुशीने लढलेल्यांचे आणि परवानगीशिवाय देश सोडलेल्यांचे नागरिकत्व गेले. म्हणजे निशाण अजून डोलकाठीवर होते आणि ते चढवणारी माणसे कायद्याने कुठलीच नव्हती. जुलै १९२२ मध्ये अशा देश नसलेल्या निर्वासितांसाठी नान्सेन प्रमाणपत्र आले. लोक त्याला पासपोर्ट म्हणतात, पण त्यात पासपोर्टचा मुख्य गुण नव्हता. ते दाखवून एका देशातून बाहेर पडता येई, परत आत येण्याची हमी नसे. मुदत एक वर्ष. १९२६ पासून त्यावर पाच सुवर्ण फ्रँकचा शिक्का घ्यावा लागे. मोजणीच्या मजुरीवर जगणाऱ्याला तो दरवर्षी जाणवत असणार.

शेवटचा हप्ता निशाणाचा. २८ ऑक्टोबर १९२४ रोजी फ्रान्सने सोव्हिएत संघाला मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी बिझर्तचे फ्रेंच प्रमुख ॲडमिरल एक्सेलमान्स यांनी रशियन अधिकाऱ्यांना 'देर्झकी' या विनाशिकेवर जमवून ते सांगितले. त्याच संध्याकाळी पाच वाजून पंचवीस मिनिटांनी मिखाईल बेरेन्सच्या हुकमावरून निशाण उतरले. रोज सूर्यास्ताला ते उतरतच असे. फरक एवढाच की दुसऱ्या सकाळी ते चढवायचे नव्हते.

आणि मग, डिसेंबरात, थोरला भाऊ आला. येवगेनी बेरेन्स सोव्हिएत आयोगाचा प्रमुख होता. बरोबर जहाजबांधणीचे गाढे तज्ज्ञ, गणिती अलेक्सेई क्रिलोव. त्यांनी जहाजे एकेक करून पाहिली, काय नेण्याजोगे आणि काय मोडीत काढण्याजोगे याची यादी केली. जी यंत्रे येवगेनी तपासत होता ती चार वर्षे धाकट्याच्या देखरेखीखाली राखलेली होती. दोघे भेटले नाहीत. मिखाईल बिझर्त सोडून ट्युनिस शहरात निघून गेला होता. एकाच बेरेन्सची कथा रचली, की नेमके हेच हातातून निसटते.

जहाजे रशियाला परत गेली असे लेखात म्हटले आहे, पण ती गेली नाहीत. झारच्या काळातली कर्जे मॉस्कोने नाकारली होती आणि ती मान्य केल्याशिवाय फ्रान्स जहाजे सोडेना. काळ्या समुद्रावरच्या शेजाऱ्यांनाही ती तिथे नको होती. एकेक करून ती मोडीत निघाली, 'जनरल अलेक्सेयेव' १९३६ मध्ये. तिच्या बारा ३०५ मिलिमीटर तोफा मात्र उरल्या. प्रत्येक नळी सुमारे ५० टनांची. १९४० मध्ये फ्रान्सने त्या फिनलंडला पाठवल्या. आठ पोहोचल्या, चार नॉर्वेच्या बर्गेन बंदरात जर्मनांच्या हाती लागल्या आणि इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावर 'मिरुस' तोफखान्यात बसवल्या गेल्या.

येवगेनी १९२८ मध्ये मॉस्कोत वारला. मिखाईल ट्युनिसियातच राहिला आणि जानेवारी १९४३ मध्ये ट्युनिसजवळच्या मेग्रीनला वारला. त्याचे अवशेष २००१ मध्ये ट्युनिसच्या बोर्जेल दफनभूमीत हलवले. बिझर्तला १९३८ मध्ये या नाविकांनी स्वतः पैसे जमवून संत अलेक्सान्द्र नेव्स्कीचे छोटे चर्च उभारले. आत संगमरवरावर जहाजांची नावे कोरली आहेत, आणि वेदीच्या दारावरचा पडदा म्हणजे सेंट अँड्र्यूचे निशाण. 'झार्की' विनाशिकेच्या कप्तानाची मुलगी अनास्तासिया शिरिन्स्काया आठ वर्षांची असताना तिथे आली, पुढे बिझर्तमध्ये गणित शिकवत राहिली आणि त्या चर्चची, कबरींची काळजी घेत राहिली. १९९७ मध्ये रशियन नागरिकत्व मिळेपर्यंत तिच्याकडे नान्सेनचाच कागद होता. २००९ मध्ये ती वारली.

दुरुस्ती छापताना जागा कमी असेल तर एवढ्या दोन ओळी पुरेत: येवगेनी अन्द्रेयेविच बेरेन्स (१८७६–१९२८), 'वर्याग', नंतर सोव्हिएत नौदल. मिखाईल अन्द्रेयेविच बेरेन्स (१८७९–१९४३), 'नोविक', नंतर बिझर्तचे रशियन आरमार. लेखासोबतच्या चौकटीत 'तीन युद्धनौका' असे छापले आहे, तिथे 'एक' करावे.

आपले,
सागरी इतिहासाचे काही अभ्यासक